वाकळ, खळ आणि चिंचोके

“उसव.”

आईनं वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, कडेवरून बोट फिरवलं आणि एवढंच बोलली. माझा तासाभराचा दोरा होता तो. मी विचारलं, का? तर म्हणाली, “टाकं केवढं मोठं घातलंयस बघ. लेकराची बोटं अडकतील त्यात. रात्री पाय हलवला आन् अंगठा अडकला तर रडत बसंल, आन् तुमास्नी कळायचं बी न्हाई का रडतंय ते.”

मी पेशानं बाइंडर. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात वीस वर्षं पुस्तकं, पावतीपुस्तकं, वह्या शिवतोय. सुई-दोरा माझ्या हातातला. पण पुस्तकाचा टाका पाठीत दडतो, तो कुणाच्या अंगाला लागत नाही. वाकळीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा हवा, कारण त्याच्यावर एक जीव झोपणार असतो. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. मी उसवलं आणि पुन्हा कडेपासून सुरुवात केली.

ही २०२० च्या जूनमधली गोष्ट. मार्चपासून टाळेबंदीत छापखाना बंद होता. आमचं निम्मं काम लग्नपत्रिकांचं, आणि त्या उन्हाळ्याचा अख्खा सीझन गेला. जूनमध्ये शटर उघडलं तेव्हा मालकांनी अर्धा पगार देऊ म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे तरी कुठून असणार? लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. बायको अंगणवाडी सेविका. तिचं मानधन आणि माझा अर्धा पगार, त्यात घरभाडं, आईच्या गोळ्या आणि लेकरू. पावसाळा तोंडावर आलेला, फरशी गार पडायला लागली आणि पोरगी रांगायला लागली. तिला खाली घालायला काहीतरी जाड हवं होतं.

आई म्हणाली, “वाकळ करूया की. सगळं घरातच हाय.”

खरंच घरातच होतं. आईची दोन सुती लुगडी, धुऊन धुऊन रेशमासारखी मऊ झालेली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण सगळंच कामाचं नसतं. बसायच्या जागी आणि काष्ट्यापाशी लुगडं विरतं. एका लुगड्याला आईनं पूर्वीच दंड घातला होता, म्हणजे विरलेला मधला भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडले होते. जोड मधोमध जाडजूड, तो आम्ही बाजूला काढला. माझे तीन जुने शर्ट निघाले. शर्टाची कॉलर आणि बाह्या आधी जातात, पाठ मात्र शेवटपर्यंत धड राहते. तीन पाठी म्हणजे तीन चांगले चौकोन. बायकोनं नायलॉनची एक साडी पुढं केली तर आईनं ती लगेच मागं सारली. त्यात घाम जिरत नाही, लेकराला उकडतं आणि पुरळ येतं.

मी कामाच्या सवयीनं बाइंडिंगचा दोरा घेऊन बसलो होतो. मेण लावलेला, पक्का, ओढून तुटणार नाही असा. आईनं तोही काढून घेतला आणि ट्रंकेतून पांढऱ्या सुताचं रीळ दिलं. “दोरा कापडापरीस मऊ पायजे. तुटायचं तर दोऱ्यानं तुटावं. दोरा परत घालता येतो, कापड परत येत न्हाई.” जुनी वही शिवताना नेमकं असंच होतं, दोरा फार कडक घेतला की तो जुन्या कागदाला आरीसारखा चिरतो. मी ते रोज बघत होतो. पण छापखान्यात शिकलेली गोष्ट घरी आपसूक येत नाही, कुणीतरी हात धरून आणावी लागते.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं, पण फरशीवर पसरलेल्या कापडावरून तळवा फिरवला की सुरकुती कुठं आहे ते बरोबर सापडायचं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, पितळी तांब्या आणि एक वीट. मग आडवे-उभे लांब कच्चे टाके, नुसते थर पळू नयेत म्हणून. मग कडेनं पक्का दोरा, एक फेरा झाला की बोटभर आत दुसरा, असं चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत. प्रत्येक फेऱ्याला कापड हातानं आत सारत न्यायचं, नाहीतर शेवटी मधोमध फुगा येतो. माझा पहिला फेरा वाकडा गेला, तो आईनं तसाच राहू दिला. वाकडा टाका लेकराला टोचत नाही.

आणि एक नियम. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. दोन काढल्या तर उठताना दोन रिळात खोचलेल्या दिसल्या पाहिजेत, मग दूध उतू जाऊ दे नाहीतर दारात कोण येऊ दे. रांगतं पोर फरशीवरची सुई आपल्या आधी शोधतं.

तीन फूट बाय अडीच फुटाची ती वाकळ पूर्ण व्हायला सव्वा महिना लागला, रोज दीड-दोन तास. पैशात म्हणाल तर काहीच लागलं नाही. पण तेव्हापासून मला ‘घरच्या घरी फुकटात’ हे शब्द लिहवत नाहीत. सव्वा महिन्याच्या माझ्या संध्याकाळी त्यात आहेत. त्या दिवसांत काम अर्धंच होतं म्हणून त्या होत्या. आणि ह्या संध्याकाळी मी वाकळीवर बसलो तेव्हा स्वयंपाक, भांडी, पोरीला भरवणं हे बायको करत होती. म्हणजे तिचेही तास त्या वाकळीत शिवलेले आहेत, फक्त ते दिसत नाहीत.

हे मला लंगोटांनी शिकवलं.

दिवसाला पाच डायपर, एक साधारण दहा रुपयांना. महिन्याला दीड हजार. मी कागदावर हिशेब मांडला आणि म्हणालो, आपण लंगोट वापरू. लुगड्याचे उरलेले तुकडे, माझी जुनी धोतरं, सगळं फाडून तीन डझन लंगोट झाले. दीड हजार वाचले म्हणून मी खूश होतो. आठव्या दिवशी पहाटे पाच वाजता न्हाणीतून पाण्याचा आवाज आला म्हणून उठलो तर बायको उकिडवी बसून लंगोट धूत होती. जुलैचा पाऊस, कोल्हापुरात तेव्हा आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली सगळीकडे ओले लंगोट. ती म्हणाली, “अहो, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण हे त्यात कुठं आहे?”

नव्हतं. मी तिचे पहाटेचे दोन तास शून्य रुपये धरले होते.

त्या दिवसापासून धुणं माझ्याकडे आलं आणि काटकसरीची बरीच विद्या मला तिथं मिळाली. शीचा लंगोट आधी गार पाण्यात झटकायचा. एकदम गरम पाणी घातलं की डाग पक्का बसतो. मग साबण, मग गरम पाणी. शेवटी दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचा, कारण साबण राहिला की पोरीची कातडी लाल होते. वाळवायला आई म्हणाली, शेगडीवर बुट्टी पालथी घालून त्यावर पसरू, तिच्या काळात तसंच करायचे. बायको म्हणाली, धूर नको, लहान छातीला सोसत नाही. शेवटी रात्री इस्त्री फिरवून वाळवायचं ठरलं, त्याचं वीजबिल मी हिशेबात धरलं. आणि रात्री मात्र डायपर. रात्रीचा एकच. बायकोला दिवसभर घरोघर फिरून सर्वेक्षण करायचं होतं, महिनेच तसे होते, तिला सलग झोप हवी होती. दीड हजारांचे तीनशे झाले, शून्य झाले नाहीत. मला हा आकडा योग्य वाटतो. ज्या काटकसरीत घरातल्या एका माणसाची झोप जाते ती काटकसर नव्हे, ते खर्च दुसऱ्याच्या नावावर लिहिणं आहे. ह्या विषयावर बोलणारे आम्ही पुरुष हे फार सहज विसरतो, म्हणून जरा जोरात लिहितोय.

छापखान्यात त्या वर्षी एक वेगळाच ढीग पडला होता. एप्रिल-मेच्या लग्नांच्या छापून तयार असलेल्या पत्रिका, ज्या न्यायला कुणी आलंच नाही. लग्नं पुढं गेली, काहींची पन्नास माणसांत उरकली. जाड आर्ट कार्ड, त्यावर सोनेरी फॉइलचा गणपती. मालक म्हणाले, रद्दीत घाला. मला ते बघवेना. कुणीतरी हौसेनं रंग निवडलेला, मजकूर तीनदा तपासलेला. मी आतली नावांची पानं वेगळी काढून श्रेडरला दिली, कारण दुसऱ्याचं नाव-पत्ता घरात खेळायला नेऊ नये, आणि वरची कव्हरं पिशवी भरून घरी आणली.

त्या कव्हरांचं आमच्या घरी काय काय झालं! घड्या घालून उभी केली की भिंती. चार भिंतींवर एक आडवी ठेवली की घर. अशी तीस घरं झाली की गल्ली. पोरगी अडीच-तीन वर्षांची झाली तेव्हा ती कव्हरं अजून होती आणि तिनं ओळखलेलं पहिलं अक्षर ‘श्री’ होतं, कारण ते सोन्याचं, मोठं आणि प्रत्येक घराच्या छपरावर होतं. दुसरं ‘चि’. अंगणवाडीच्या तक्त्यावर ‘अ’ अननसाचा होता, पण आमच्या पोरीची बाराखडी ‘श्री’पासून सुरू झाली.

कटिंग मशीनखाली रोज कागदाच्या पट्ट्या पडतात. चार इंच रुंदीच्या वर असेल ती मी ठेवतो. दहा पट्ट्या एकावर एक, मधोमध घडी, घडीवर तीन भोकं, मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत आणि परत मधल्यातून बाहेर येऊन गाठ. पाच मिनिटांत वीस पानांची वही. एकच गोष्ट बघायची: कागदाला ग्रेन असतो, तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. त्या दिशेनं घडी घातली तर ती गुळगुळीत बसते, आडवी घातली तर कागद फुटल्यासारखा होतो आणि वही उघडीच राहते. कुठली दिशा ते कळायला कागद हलकेच दोन्हीकडून वाकवून बघायचा, ज्या बाजूनं तो कमी अडतो ती घडीची बाजू. लेकीला हे आता येतं. कागद हातात आला की आधी वाकवून बघते. शाळेच्या चित्रकलेच्या वहीला तिनं एकदा तक्रार केली, “पप्पा, ह्याची घडी आडवी घातलीय.” घातलेली होतीच.

चिकटवायला खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. आधी गार पाण्यात गुठळी मोडायची, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरायचं. इथं एक सावधगिरी सांगतो, कारण आमच्या धंद्यातली आहे. बाइंडरची खळ टिकावी, झुरळांनी पुस्तक खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. छापखान्यातली खळ पोरांसाठी घरी कधीही आणू नये. घरची खळ साध्या मैद्याची, दोन दिवसांत संपवायची, उरली तर टाकायची. पोरगं बोट चाटणारच.

बायकोच्या कामामुळं आमच्या घरातला कचरा कचऱ्यात जायच्या आधी तिच्या नजरेखालून जातो. बाटल्यांची झाकणं, आईसक्रीमच्या काड्या, चिंचोके, नारळाच्या करवंट्या. प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा तिथल्या बाईंनी ताराबाई मोडकांबद्दल सांगितलं, ते तिनं घरी येऊन मला सांगितलं होतं. मला ते फार भावलं. ताराबाईंनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. माँटेसरी पद्धत त्यांना मनापासून पटलेली, पण तिची साधनं महाग आणि शहरी. १९४५ मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी आल्या, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि दोघींनी खेड्यातल्या पोरांसाठी बालवाडी मांडली. वस्तीतली पोरं बालवाडीपर्यंत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, जो आज माझ्या बायकोच्या ओळखपत्रावर आहे. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारल्यांच्या पोरांमध्ये. तिथं मोजायला शंख-शिंपले, लावायला पानं, ओवायला बिया. जे पोरांच्या पायाखाली आहे तेच त्यांच्या हातात दिलं. गरिबीची तडजोड म्हणून नव्हे. विकतच्या लाकडी मण्यांनी जे शिकवायचं तेच बियांनी शिकवता येतं, आणि बिया पोर स्वतः गोळा करून आणतं, हे त्यांना दिसलं होतं.

गोळा करणं हेच अर्धं शिकणं असतं, हे मी चिंचोक्यांवरून सांगू शकतो. मार्चमध्ये आई चिंच फोडते. लेक शेजारी बसून चिंचोके वेचते, धुते, उन्हात घालते. मग सारखे बघून जोड्या लावते. त्यातले दोन फोडायचे म्हणजे दोन फाका होतात प्रत्येकी, एकूण चार. एका बाजूनं तांबूस-काळ्या आणि दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या. फाक ओबडधोबड असेल तर पायरीच्या दगडावर घासून सपाट करायची. झाले फासे. खडूनं फरशीवर पंचवीस घरांचा पट. जितके पांढरे वर तितकी घरं पुढं, आणि चारही काळे पडले तर आठ. आई पटावर बसली की डोळ्यांची अडचण राहत नाही, फासे बोटांनी चाचपून सांगते. पाच वर्षांच्या पोरीनं तीन अधिक एक, दोन अधिक दोन, आणि ‘मला अजून तीन पाहिजेत’ हे सगळं त्या पटावर केलं.

पण सगळ्या बिया खेळायच्या नसतात. आमच्या गल्लीत पिवळी कण्हेर आहे. तिच्या बिट्ट्या हातात छान बसतात, आमच्या लहानपणी आम्ही त्यांनीच खेळलो. त्या झाडाचं सगळंच विषारी आहे, बी सर्वांत जास्त. लाल-काळी गुंज तशीच, दिसायला मण्यासारखी आणि आत जहर. बायको अंगणवाडीत आयांना ह्या दोन बिया दाखवून ठेवते. आणि धाकटा आल्यापासून घरी दुसरा नियम आला: त्याच्या मुठीत जे पूर्ण मावतं ते त्याच्या हातात द्यायचं नाही. चिंचोके मुठीत मावतात. म्हणून चिंचोक्यांचा डबा वरच्या फळीवर, आणि पट तो झोपल्यावर.

लेकीचं सगळ्यात आवडतं काम मात्र काड्यांचं. अरविंद गुप्तांचं नाव आता बऱ्याच घरांत माहीत आहे. कानपूर आयआयटीतून इंजिनियर होऊन पुण्यात नोकरीला लागले, १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेले, आणि पुढं पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादच्या त्या दिवसांत त्यांना सुचलेली एक गोष्ट म्हणजे आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. सायकलवाल्याकडून बारीक रबरी नळी आणायची, पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड असते ती. तिचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे, गूल खरवडून काढलेल्या काड्या दोन्ही टोकांत घालायच्या. सांधा तयार, आणि तो हवा तसा वाकतो.

मी लेकीला आधी चौकोन करायला सांगितला. तिनं केला, उभा केला, तर तो कलला. पुन्हा सरळ केला, पुन्हा कलला. ती रडकुंडीला आली. मग त्रिकोण केला. दाबला, हलवला, काही केल्या हलेना. ती दोन्ही हातात दोन्ही धरून बराच वेळ बसली होती. मी काही बोललो नाही. मग तिनं एक काडी चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात लावायला घेतली. काडी आखूड पडत होती, म्हणून दोन जोडल्या, त्या मधेच वाकल्या. तेव्हा तिनं ती कल्पना सोडली आणि चौकोनाशेजारी त्रिकोण, त्याला त्रिकोण असं जोडत गेली. दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या पुलावरून जाताना स्कूटरवर पुढं उभी राहून ओरडली, “पप्पा, त्या टॉवरला बघा सगळे त्रिकोणच!” विजेचा टॉवर होता. मी स्कूटर बाजूला घेतली आणि आम्ही दोघांनी ते त्रिकोण मोजले.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. नाचणीचं सत्त्व सगळ्यांना माहीत आहे: रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून, हलकं भाजून, दळून, वस्त्रगाळ करायचं. पण मोड का आणायचे हे मला बायकोनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. साध्या पिठाची पेज घट्ट होते, म्हणून पाणी वाढवतो, आणि लेकराच्या पोटात नुसतं पाणीच जातं. मोड आले की दाण्यातलं पिष्ट आपोआप मोडायला लागतं, पेज पातळ राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, आणि लहान पोटाला तेच हवं असतं. सहा महिने पूर्ण व्हायच्या आत काहीही नाही, फक्त आईचं दूध. वर्षाच्या आत मध नाही. आई दोन्ही वेळा मध चाटवायला निघाली होती, बायकोनं दोन्ही वेळा तिचा हात धरला. काजळावरूनही झालं. घरचं काजळ, तुपाच्या दिव्याचं, त्यात वाईट काय, असं आईचं म्हणणं. बायकोनं ऐकलं नाही, डोळ्यांत काही घालायचं नाही. शेवटी कानामागं तीट लागली आणि दोघी गप्प झाल्या.

ह्याच कारणानं मला बायकोच्या ‘घरगुती’वर भरवसा आहे. तिच्याकडे घरचं म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. जुलाब लागले की एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसाच अर्धा छोटा चमचा मीठ, हे तिच्या भागातल्या प्रत्येक आईला पाठ आहे. पण सांगताना ती आधी सांगते की ओआरएसचं पाकीट आमच्याकडे मोफत आहे, ते न्या; हे प्रमाण पाकीट हाताशी नसेल तेव्हाचं. मीठ जास्त पडलं तर लेकराला अपायच होतो. मला वाटतं, कुठली गोष्ट हातानं करायची आणि कुठली नाही, हे कळणं ही करण्याइतकीच मोठी विद्या आहे. आम्ही औषध, दुधाची बाटली, स्कूटरवरचं पोरीचं हेल्मेट ह्यांत कधी युक्ती लढवली नाही. वाकळीत वाचलेले पैसे हेल्मेटला गेले.

पगार पुन्हा पूर्ण झाला त्याला आता तीन वर्षं झाली. वाकळ करायची गरज तशी राहिलेली नाही, बाजारात चारशे-पाचशेला छान मऊ रजई मिळते. पण ह्या पावसाळ्यात धाकट्याच्या अंगाखालची ती २०२० ची वाकळ कडेनं फाटली. आईच्या लुगड्याचा वरचा थर विरून आतला माझा निळा शर्ट दिसायला लागला. आईला विचारलं तर म्हणाली, टाकायची कशाला, तिच्यावर नवा थर चढीव. जुनी वाकळ नवीच्या पोटात जाते. असंच करतात.

थर कशाचा घालायचा? बायकोची एक सुती साडी निघाली. कमी पडलं. लेक आत गेली आणि तिचा पिवळा फ्रॉक घेऊन आली, दुसऱ्या वाढदिवसाचा. मी कात्री उचलली तसा तिनं तो परत ओढून घेतला. पाच-दहा मिनिटं तशीच उभी. मग म्हणाली, झालर नाही द्यायची, बाकीचा घ्या. झालर उसवून तिला दिली, ती तिच्या कंपासपेटीत आहे.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी आईला बारीक नेढं दिसत नाही. लेक दोरा ओवून देते. परवा म्हणाली, मलाही एक बाजू द्या. दिली. तासाभरानं तिनं वितभर दोरा घातला आणि आजीपुढं धरला. आईनं बोट फिरवलं. मी श्वास धरून बघत होतो.

“छान घातलंस गं बाई,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “पर टाकं मोठं झाल्यात. भावाची बोटं अडकतील.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही. तिनं सुईच्या टोकानं पहिला टाका वर काढला आणि एकेक करत सगळा दोरा उसवला. आठ वाजले होते, भूक लागलेली. धाकटा आतून उठून भिंतीला धरत धरत बाहेर येत होता. तिनं रीळ उचललं, दोन्ही सुया त्यात खोचल्या आणि मोठ्यानं म्हणाली, “आज्जी, दोन काढल्या होत्या, दोन आहेत.” आणि रीळ वरच्या फळीवर ठेवायला माझ्या हातात दिलं.